कॉम्बिनेशन स्किन, त्यात सेन्सिटिव्ह: घरगुती उपाय करताना हे बघा

मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा 45 च्या आसपास गेला की नाक-कपाळ तेलकट आणि गाल मात्र कोरडे, ओढल्यासारखे, म्हणून पूर्ण तोंडाला एकच लेप फासायचा नाही. मुलतानी माती फक्त कपाळ, नाक, हनुवटीवर, तीही गुलाबपाण्यात पातळ कालवून, आणि कडक वाळून तडे जायच्या आधीच धुवायची.

गालांना कोरफड चालते. पण बांधावरचं पान तोडलं की लगेच गर काढू नका, कापलेली बाजू खाली करून पान थोडा वेळ उभं ठेवा, पिवळट चीक गळू द्या, कारण खाज त्या चिकानेच सुटते. मग साल काढून गर धुवून घ्या.

नवीन काहीही आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावायचं, 48 तास थांबायचं, लाल झालं नाही तर मग जबड्याजवळ थोडंसं, आणि एका वेळी एकच वस्तू हां, दोन सोबत सुरू केल्या तर कोणती बाधली ते कळतच नाही.

लिंबू आणि खाण्याचा सोडा नकोच. त्वचेचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं जास्त आंबट) साधारण 5, लिंबाचा 2 च्या आसपास, सोड्याचा 8 च्या वर, म्हणजे दोन्हीकडून मारच. ‘शंभर टक्के नॅचरल’ लिहिलेल्या क्रीममध्येही सुगंधी तेलं असू शकतात, लेबल वाचा. हळद चिमूटभर बस, तिचीही ॲलर्जी असते काहींना.

जळजळ झाली की साध्या पाण्याने धुवायचं, वर दुसरा लेप नाही. सूज किंवा फोड आले तर सरळ स्किनच्या डॉक्टरकडे.