प्राध्यापक भरतीचा प्राधान्यक्रम ठरवताना या चुका टाळा

वर्षानुवर्षं जागा रिक्त राहतात आणि मग एक दिवस पदं भरायला सरकारची परवानगी, म्हणजे ना-हरकत, मिळण्याची चिन्हं दिसतात. लगेच महाविद्यालयात धावपळ सुरू होते. कोणत्या विभागाची जागा आधी भरायची, याची यादी दोन दिवसांत हवी असते. मागणारे विभाग सात, मिळणाऱ्या जागा तीन. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या अनुदानित महाविद्यालयात अशा तीन याद्या माझ्यासमोर तयार झाल्या. पहिल्या दोन आम्ही चुकवल्या.

गेलेल्या सरांचीच जागा भरणे

इतिहासाचे सर निवृत्त झाले म्हणून इतिहासाची जागा भरायची, ही सर्वांत जुनी चूक. पद उभं राहतं ते कार्यभारावर, म्हणजे विभागाला आठवड्याला किती तास शिकवावे लागतात त्यावर. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) 2018 च्या नियमांप्रमाणे सहायक प्राध्यापकाने आठवड्याला 16 तास प्रत्यक्ष शिकवायचं असतं. विभागाचे एकूण तास 16 ने भागले की किती पदं खरोखर लागतात ते कळतं. महाराष्ट्रातल्या संलग्न महाविद्यालयांत 2024-25 पासून नवं शैक्षणिक धोरण लागू झालं, त्यामुळे आधीच्या वेळापत्रकावरून केलेला हिशेब आता चालत नाही. एका श्रेयांकाला (क्रेडिटला) थिअरीचे सत्रभरात 15 तास लागतात, प्रात्यक्षिकाचे 30. हे गणित नव्याने मांडावंच लागतं.

हे तास विभागप्रमुखाच्या पत्रावरून घेऊ नका, वर्गाच्या वेळापत्रकावरून घ्या. आम्ही इथेच फसलो. इंग्रजी मेजरला, म्हणजे मुख्य विषयाला, पाचच मुलं, मग पद कशाला, असा प्रश्न सभेत आला आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. इंग्रजी यादीत तळाला गेलं. त्या विभागाचे बहुतेक तास वाणिज्य आणि विज्ञानाच्या वर्गांत होते, हे कोणी मोजलंच नव्हतं. पुढे तिन्ही शाखांना एकच शिक्षक उरला. सगळी मुलं एका हॉलमध्ये बसवावी लागली. मराठी माध्यमातून आलेल्या आमच्या पोरांना वर्षभरात एकदाही उभं राहून चार वाक्यं बोलायला मिळाली नाहीत. त्या सभेत मीही मान डोलावली होती, याचं मला आजही वाईट वाटतं.

भाषा आणि ओपन इलेक्टिव्ह (दुसऱ्या शाखेतून निवडायचे विषय) यांचे तास नेहमी दुसऱ्याच्या वर्गात लपलेले असतात. उलट काही तास दोनदा मोजले जातात. दोन वर्ग एकत्र बसवलेले असतात आणि कागदावर मात्र वेगळे दिसतात. विद्यार्थीसंख्याही प्रवेशाच्या रजिस्टरवरून घेऊ नका. तिसऱ्या सत्राचे परीक्षा अर्ज किती भरले गेले ते पाहा. मधल्या काळात कोणी पुण्याला कंपनीत लागलेलं असतं, कोणाचं लग्न झालेलं असतं.

फक्त तासांवर क्रम लावणे

हिशेब बरोबर आला तरी क्रम चुकू शकतो. समजा एका विभागाचे 46 तास आहेत, तीन पदं मंजूर आहेत आणि दोघे काम करताहेत. दुसऱ्याचे, समजा भौतिकशास्त्राचे, 18 तास आहेत आणि एकमेव शिक्षक मार्चमध्ये निवृत्त होणार आहेत. तासांवर पहिला विभाग वर येतो. पण पहिल्यात ओढाताण होईल, दुसरा मात्र बंद पडेल. भौतिकशास्त्र बंद पडलं की गणिताची मुलंही हळूहळू गळतात. अमरावतीला खोली करून राहणं ज्यांना झेपतं ती जातात. शेवटच्या एसटीने गावी परतणाऱ्या मुलीचं विज्ञान मात्र तिथेच सुटतं. तालुक्याच्या ठिकाणी एकशिक्षकी विभागाला वेगळं वजन द्यायलाच हवं, असं माझं ठाम मत आहे.

निवृत्ती अचानक येत नाही. वयाची 60 वर्षं कोणाची कधी पूर्ण होतात हे सेवापुस्तिकेत लिहिलेलं असतं. पुढच्या पाच वर्षांचा तक्ता आधीच करून ठेवा.

सीएचबीवर भागतंय म्हणून विभाग भरलेला समजणे

सीएचबीचे, म्हणजे तासिका तत्त्वावर तासाप्रमाणे पैसे मिळणारे शिक्षक वर्ग सांभाळतात म्हणून त्या विभागाची गरज कोणाच्या डोळ्यांत येत नाही. पण त्यांच्या नेमणुका उशिरा होतात. सोयाबीन सोंगायला आलं तरी पहिल्या सत्राचे काही वर्ग रिकामेच, असं आमच्याकडे झालं आहे. हे तास रिक्त पदाचे म्हणूनच मोजा. तासाच्या पैशांवर वर्षं काढणाऱ्या त्या माणसांवरही यात अन्याय होतो.

बिंदुनामावली शेवटी काढणे

आधी क्रम ठरवला, मग बिंदुनामावली, म्हणजे कोणतं पद कोणत्या आरक्षण प्रवर्गाला जातं याचा तक्ता (रोस्टर), तपासायला पाठवली आणि त्रुटी निघून फाइल परत आली. तोवर मुदत संपत आली होती. बिंदुनामावली अद्ययावत करून तपासून घेण्याचं काम परवानगीची वाट न पाहता सुरू करा.

आणि आधी उमेदवार, मग विषय, असं कधीच करू नका. एखादं नाव डोक्यात ठेवून लावलेला क्रम सगळ्या स्टाफला कळतो आणि नंतर कोणत्याही यादीवर विश्वास उरत नाही. यादी उमेदवारांचे अर्ज येण्याआधीच महाविद्यालय विकास समितीपुढे ठेवून इतिवृत्तात नोंदवा.

तिसऱ्या वेळी आम्ही यादीत एक रकाना वाढवला: हे पद दोन वर्षं भरलं नाही तर कोणता वर्ग थांबेल? प्रत्येक विभागप्रमुखाने तो सगळ्यांसमोर भरायचा होता. रसायनशास्त्राच्या मॅडम बराच वेळ कागदाकडे पाहत बसल्या. मग म्हणाल्या, "आमचा वर्ग थांबणार नाही सर, त्रास होईल. भौतिकशास्त्राला वर घ्या."