डॅशबोर्डवरील बटणाने गॅरेजचे शटर उघडताना

डॅशबोर्डवरील वापरात नसलेल्या बटणाने गॅरेजचे शटर उघडायचे असल्यास जादा रिमोट खोलून त्याच्या कळीच्या दोन टोकांना बारीक तारा डाख देऊन जोडाव्यात आणि त्या बटणाच्या संपर्कांपर्यंत न्याव्यात; मात्र बटण दाबल्यापुरतेच जोडणी करणारे असावे आणि त्याच्या दिव्याचा 12 व्होल्टचा प्रवाह या तारांना कदापि लागू नये. रिमोटचा स्वतःचा सेल तसाच ठेवावा, कारण इंजिन चालू असताना गाडीचा विद्युतदाब 14 व्होल्टच्या आसपास जातो आणि 3 व्होल्टच्या सेलवर चालणाऱ्या सर्किटला तो सोसत नाही. धातूच्या पट्टीआड रिमोटचा पल्ला घटतो. गाडी रात्री रस्त्यावर राहत असेल, तर हा खटाटोप टाळलेलाच बरा, कारण गाडी फोडणाऱ्याला त्याच बटणाने गॅरेजही उघडता येईल. कळंगुट-कोलव्यासारख्या किनारी भागांत खाऱ्या हवेने उघडे डाख लवकर गंजतात, म्हणून त्यांवर हीट-श्रिंक नळी (तापवल्यावर आवळून बसणारी प्लॅस्टिकची नळी) चढवावी.