हातात किती, कागदावर किती: अमेरिकेत नॅनी ठेवण्याआधीचा हिशोब

माझी आई सहा महिने न्यू जर्सीत एडिसनला आमच्याकडे राहून मिरजेला परत गेली, तेव्हा लेक सव्वा वर्षाची होती. माझं ऑफिस जर्सी सिटीला, नवऱ्याचं प्रिन्स्टनला. सकाळी साडेआठ ते संध्याकाळी साडेपाच घरी कुणीतरी हवंच होतं. ओळखीतून एक गुजराती बाई मिळाल्या. वय चोपन्न, ग्रीन कार्ड, हाताला चव आणि लेकीवर जीव. आम्ही त्यांना बेन म्हणतो, लेक 'बा' म्हणते.

पहिल्याच भेटीत त्यांनी विचारलं, हातात किती पडतील? मी म्हटलं, आठवड्याला हजार. तिथेच माझं चुकलं. 'हातात' हा शब्द निघाला की सगळा हिशोब उलटा फिरतो, म्हणून आधी तेवढंच सांगते. बोलणी कायम कापाकापीच्या आधीच्या रकमेवर करा, आणि तीही तासाच्या दरानं.

आता आमचे आकडे. वर्ष २०२५, राज्य न्यू जर्सी. रोज ९ तास, आठवड्याचे ४५. संध्याकाळी घरी जाणाऱ्या नॅनीला आठवड्याच्या ४० तासांनंतर दीडपट द्यावे लागतात. हा संघराज्याचा कायदा आहे, मनाचा मोठेपणा नव्हे. नॅनीला महिन्याचा ठरावीक पगार सांगून ओव्हरटाइम चुकवता येत नाही. दर २३ डॉलर धरला तर ४० तासांचे ९२० आणि वरच्या ५ तासांचे ३४.५० प्रमाणे १७२.५०, म्हणजे १,०९२.५०. त्यातून सोशल सिक्युरिटीचे (सरकारी निवृत्तिवेतनाचे) ६.२ टक्के आणि मेडिकेअरचे (म्हातारपणच्या सरकारी आरोग्य विम्याचे) १.४५ टक्के, मिळून ८३.५८ डॉलर कापायचे. राज्याच्या बेरोजगारी आणि अपंगत्व विम्याचे आणखी दहा-अकरा. बेनच्या हातात ९९८ पडतात. म्हणजे मी कबूल केलेल्या हजारासाठी कागदावर जवळजवळ अकराशे लागले.

यावर मालकाचा वाटा वेगळा. तेच ७.६५ टक्के आपणही आपल्या खिशातून भरायचे. वर्षाच्या ५६,८१० डॉलर वेतनावर ते ४,३४६ होतात. संघराज्याचा बेरोजगारी कर पहिल्या ७,००० डॉलरवर ६ टक्के असतो, पण राज्याचा कर वेळेत भरला असेल तर बहुतेक सूट मिळून फक्त ४२ डॉलर उरतात. न्यू जर्सीला राज्याच्या याच विम्यांसाठी नव्या मालकाकडून साधारण तीन टक्के, तेही एका मर्यादेपर्यंतच्या वेतनावर, म्हणजे आम्हाला चौदाशेच्या आसपास. वर्कर्स कॉम्पेन्सेशनचा, म्हणजे कामावर दुखापत झाली तर लागणारा विमा निराळा. घराच्या विम्यात थोडंफार संरक्षण असतं, पण ते पूर्णवेळ कामाला पुरत नाही. एजंटला आठवड्याचे तास स्पष्ट सांगून विचारा. एकूण वेतनाच्या वर दहा-अकरा टक्के खर्च धरा. आमचं वर्ष ६३,००० च्या घरात गेलं.

"पण मी तर झेलनं, म्हणजे फोनवरून थेट बँकेत देते, रोख कुठे?" असं मैत्रिणी म्हणतात. हे कर रोख वेतनावर लागतात, आणि कायद्याच्या भाषेत चेक आणि झेलसुद्धा रोख वेतनच. २०२५ मध्ये एका व्यक्तीला वर्षभरात २,८०० डॉलर दिले की सोशल सिक्युरिटी-मेडिकेअर लागू होतं. ही मर्यादा वाढत असते, दर जानेवारीत बघा. एका तिमाहीत १,००० दिले की बेरोजगारी कर लागतो. दुसरी पळवाट म्हणजे टेन-नाइन्टी-नाइन (कंत्राटदाराला द्यायचा फॉर्म) देऊन तिला स्वतंत्र व्यावसायिक दाखवणं. वेळ, जागा, बाळाला काय भरवायचं, कधी निजवायचं हे सगळं आपण ठरवतो. मग ती आपली कर्मचारीच.

१९९३ मध्ये क्लिंटन यांनी अॅटर्नी जनरलपदासाठी सुचवलेल्या झोई बेअर्ड यांना याच कारणानं माघार घ्यावी लागली. घरात कामाला ठेवलेल्या जोडप्याकडे कागदपत्रं नव्हती आणि करही भरले नव्हते. तेव्हा तिमाहीला ५० डॉलर दिले तरी नियम लागत. पुढच्याच वर्षी काँग्रेसनं ती मर्यादा वर्षाला १,००० केली आणि हे कर आपल्या नेहमीच्या रिटर्नबरोबर भरायची सोय केली. म्हणून आज ते पुष्कळ सोपं आहे.

आपल्या लोकांसाठी एक गोष्ट कळकळीनं सांगते. व्हिजिटर व्हिसावर आलेल्या कुणाच्याही आईला पैसे देऊन मुलं सांभाळायला लावू नका. एच-फोरवरच्या (एच-वन-बी नोकरदाराच्या जोडीदाराच्या व्हिसावरच्या) शेजारणीकडे कामाचा परवाना असेल तरच तिला ठेवा. पकडली गेली तर नुसता दंड होत नाही, तिचं इथलं राहणंच धोक्यात येतं. कामाची परवानगी तपासायचा आय-नाइन फॉर्म यासाठीच असतो. पहिल्या दिवशी तिनं तिचा भाग भरायचा, आणि तीन कामकाजी दिवसांत आपण मूळ कागदपत्रं पाहून आपला भाग भरायचा. तो कुठे पाठवायचा नसतो, जपून ठेवायचा.

बाकी कागद पटापट होतात. आयआरएसच्या (संघराज्याच्या कर खात्याच्या) संकेतस्थळावर मालक-क्रमांक, म्हणजे ईआयएन, काही मिनिटांत मिळतो. राज्याकडे मालक म्हणून नोंदणी करायची, आणि नवीन माणूस ठेवल्याचं वीस दिवसांत कळवायचं. न्यू जर्सीत जुलै २०२४ पासून घरकामगारांसाठी नवा कायदा आहे, त्यात लेखी कराराची अट आहे. आमचा करार दोन पानी. तास, दर, ओव्हरटाइम, सुट्ट्या आणि गाडीचे मैल. बेन लेकीला त्यांच्या गाडीतून लायब्ररीत नेतात, त्याचे २०२५ च्या सरकारी दरानं मैलाला ७० सेंट वेगळे दिले. ते वेतनात धरायचे नाहीत. आजारपणाची पगारी रजा दर ३० तासांमागे एक तास, वर्षाला ४० पर्यंत. आणि आपण डिसेंबरात तीन आठवडे भारतात जातो, तेव्हा? त्यांचा पगार चालू ठेवा. सुट्टी आपण घेतली आहे, भाडं तर त्यांना भरायचंच आहे.

एप्रिलमध्ये रिटर्नबरोबरचा घरकामगार-कराचा फॉर्म, शेड्यूल एच, भरताना आमच्यापुढे ८,७३४ डॉलर उभे होते: बेनचा आणि आमचा ७.६५-७.६५ टक्क्यांचा वाटा, अधिक संघराज्याच्या बेरोजगारी कराचे ते ४२. बेनचा वाटा दर आठवड्याला कापलेला असला, तरी तो आपल्याच खात्यात पडून असतो आणि नकळत खर्च होतो. शिवाय वर्षभर काहीच न भरल्यास दंड लागू शकतो. उपाय सोपा आहे. आपल्या ऑफिसात डब्ल्यू-फोर (पगारातून किती कर कापायचा ते सांगणारा फॉर्म) बदलून दर पंधरवड्याला ३३६ डॉलर जास्त कापायला सांगा. नॅनीचा इन्कम टॅक्स कापणं सक्तीचं नाही, तिनं मागितलं आणि आपण मान्य केलं तरच. पण हे तिला पहिल्या आठवड्यातच समजावा, नाहीतर एप्रिलमध्ये तिच्यावर आभाळ कोसळतं.

थोडं परतही मिळतं. ऑफिसातून डिपेन्डन्ट केअर एफएसए (मूल सांभाळण्याच्या खर्चासाठी पगारातून करमुक्त पैसे बाजूला ठेवायचं खातं) घेतलं तर २०२५ मध्ये ५,००० डॉलरवर कर लागत नव्हता, २०२६ पासून ही मर्यादा ७,५०० आहे. एकच मूल असेल तर एफएसए पूर्ण वापरल्यावर चाइल्ड केअर क्रेडिटला, म्हणजे याच खर्चावरच्या करसवलतीला, काही उरत नाही, कारण त्याची खर्चमर्यादाच ३,००० आहे. या सवलतींसाठीच्या फॉर्म २४४१ वर नॅनीचा सोशल सिक्युरिटी नंबर लिहावा लागतो. म्हणजे लपवून पैसे देणाऱ्याला हीही सवलत नाही.

बेननं आमच्याआधी तीन घरांत मिळून आठ वर्षं काम केलं, सगळं पाकिटातून. सोशल सिक्युरिटीच्या नोंदीत त्या आठ वर्षांपुढे शून्य आहे. स्वतःच्या कमाईवर निवृत्तिवेतन मिळायला ४० क्रेडिट (नोंदलेल्या कमाईवर मिळणारे गुण) लागतात, वर्षाला जास्तीत जास्त चार. २०२५ मध्ये चार क्रेडिटांना ७,२४० डॉलर पुरत होते. कागदावर पगार असता तर त्यांची ३२ क्रेडिट एव्हाना जमली असती. आता चोपन्नाव्या वर्षी त्या पहिल्यापासून मोजताहेत, आणि चौसष्टपर्यंत खंड पडता कामा नये.

म्हणून ३१ जानेवारीच्या आत डब्ल्यू-टू, म्हणजे वर्षाच्या पगाराचा आणि कपातीचा दाखला, त्यांच्या हातात द्या, प्रत सोशल सिक्युरिटीकडे पाठवा. आणि त्यांच्याबरोबर बसून त्यांचं ऑनलाइन खातं उघडून द्या. आम्ही जेवणाच्या टेबलावर, लेक झोपल्यावर ते केलं. नोंद चढायला काही महिने जातात. नाव किंवा आकडा डब्ल्यू-टूवर चुकला असेल तर डब्ल्यू-टू-सी भरून दुरुस्ती करायची, आणि ती मालकानंच करायची असते.