शॉवरची धार वाकडी येते? बदलण्याआधी हे करा

बोअरच्या किंवा टँकरच्या जड पाण्याने शॉवरची भोकं क्षाराने बुजतात आणि धार भलतीकडेच उडते. सुईने टोकरत बसू नका. त्याने भोकं मोठी होतात, क्षार आतच राहतो.

१. अर्धा लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे लिंबूसत्व (किराणा दुकानात मिळतं) विरघळवा.
२. जाड पिशवीत ओतून शॉवरचं तोंड त्यात बुडवा. पिशवी वर रबरबँडने घट्ट बांधा.
३. तासाभराने काढा. रात्रभर ठेवण्याचा मोह टाळा, चकाकीचा थर उतरतो.
४. जुन्या टूथब्रशने घासा, मग दोन मिनिटं पूर्ण नळ सोडा. सुटलेले कण आत राहिले तर भोकं लगेच पुन्हा बुजतात.

उरलेल्या पाण्यात बेसिनच्या नळाची जाळीही भिजवा. ती उघडताना चकत्यांच्या क्रमाचा मोबाइलवर फोटो काढा. वायसर उलटसुलट बसला की नळ गळतो.

हे पाणी कडप्पा, शहाबादी किंवा संगमरवरावर सांडू देऊ नका, डाग कायमचा पडतो. ब्लीचिंग पावडरजवळ तर मुळीच नको: विषारी वायू सुटतो.