इटलीच्या विमानतळावर गाडी भाड्याने घेताय? या चुका टाळा

पिसाला उतरायचं, तिथेच गाडी घ्यायची आणि टस्कनी मनसोक्त फिरायची, हा बेत उत्तम आहे. फ्लोरेन्स ते सिएना कियान्तीच्या द्राक्षमळ्यांतून जाणारा एसआर २२२ रस्ता किंवा पिएन्झाच्या आसपासचा वाल दॉर्चा परिसर बसच्या वेळा सांभाळत बघण्यात मजा नाही. तिथे गाडी हवीच. शहरांत मात्र ती नको, आणि मोठ्या दंडांपैकी बरेचसे एवढं न पाळल्यामुळे बसतात.

म्हणून पहिली चूक बुकिंगच्या वेळचीच: पहिल्या दिवसापासून गाडी घेणं. सुरुवातीचे दोन दिवस पिसा, लुक्का आणि फ्लोरेन्सचे असतील तर ट्रेनने फिरा. पिसा ते फ्लोरेन्स साधारण तासाभराचा प्रवास आहे. ज्या सकाळी खेड्यांकडे निघाल, त्या सकाळी गाडी ताब्यात घ्या. भाडं वाचेल आणि पार्किंगचे पैसेही.

कागद आणि कार्ड

आपलं लायसन्स इंग्रजीत छापलेलं असलं तरी इटलीत त्यासोबत इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट लागतं. ते भारतातूनच, आपल्या आरटीओकडून काढून न्यावं लागतं. परिवहनच्या सारथी पोर्टलवर अर्ज करता येतो. काउंटरवर कुणी मागितलं नाही, म्हणजे रस्त्यात पोलीस मागणार नाहीत असं नाही. मूळ लायसन्सही जवळ ठेवा, कारण नुसत्या परमिटला अर्थ नसतो.

क्रेडिट कार्ड मुख्य ड्रायव्हरच्याच नावाचं हवं. गाडी नवरा चालवणार आणि कार्ड बायकोचं, असं असेल तर गाडी नाकारली जाऊ शकते. डेबिट कार्ड बऱ्याच कंपन्या घेत नाहीत, आणि घेतलंच तर महागडा विमा गळ्यात मारतात. निघण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये परदेशातले व्यवहार चालू करा आणि मर्यादा वाढवून ठेवा. डिपॉझिटसाठी मोठी रक्कम अडवून ठेवली जाते. तेवढी जागा कार्डावर नसेल तर रांगेत उभं राहूनही हाती काही लागत नाही.

बुकिंग करताना फ्लाइट नंबर नक्की द्या. विमानाला उशीर झाला तरी त्यांना कळतं. पिसा आणि फ्लोरेन्स दोन्हीकडे गाड्या टर्मिनलच्या दारात मिळत नाहीत, शटल बसने जावं लागतं. तो वेळ धरा. ऑटोमॅटिक हवी असेल तर तेही आधीच सांगा, कारण न सांगता मिळते ती बहुधा गिअरची.

काउंटरवर विमा

भाड्यात विमा धरलेला असतो, पण त्याला ‘फ्रांकीजिया’ची अट असते: नुकसानीची ठरावीक रक्कम तुम्ही भरायची, त्यापुढचं विमा बघणार. टायर, काचा, गाडीची खालची बाजू यांना बऱ्याचदा संरक्षणच नसतं. बुकिंगच्या साइटवरून स्वस्तात घेतलेला जादा विमा उपयोगी पडतो, पण आधी पैसे तुम्ही भरायचे आणि मग परत मागायचे. काउंटरवर तो दाखवून डिपॉझिट टळत नाही. हा फरक माहीत नसला की थकलेला माणूस तिथेच दुसरा विमा विकत घेतो.

किल्ली मिळाली की घाई करू नका. चारी बाजूंनी व्हिडिओ काढा, चाकांच्या रिम जवळून टिपा, इंधनाचा काटा आणि किलोमीटरचे आकडे घ्या. दिसलेला प्रत्येक ओरखडा त्यांच्या कागदावर लिहून घेतल्याशिवाय गाडी हलवू नका. मग पार्किंगमध्येच दोन फेऱ्या मारा. स्टिअरिंग डावीकडे आहे आणि आपल्या बहुतेक गाड्यांत इंडिकेटरची दांडी जिथे असते तिथे इथे वायपरची आहे, त्यामुळे वळताना कोरड्या काचेवर वायपर फिरायला लागतात. रिव्हर्स पडत नसेल तर गिअरच्या मुठीखालची कडी बघा. काही गाड्यांत ती वर उचलून गिअर टाकायचा असतो.

झेडटीएल: सगळ्यात महागडी चूक

जुन्या शहरांच्या गाभ्यात बाहेरच्या गाड्यांना बंदी असते. त्या हद्दीला झेडटीएल म्हणतात. फ्लोरेन्स, सिएना, पिसा, तटबंदीच्या आतलं लुक्का, सगळीकडे ती आहे. लाल कडेचा पांढरा गोल फलक असतो, वर कॅमेरा. अडवायला फाटक नाही, शिट्टी मारायला पोलीस नाही. नंबरप्लेट टिपली जाते आणि प्रत्येक प्रवेशाला वेगळा दंड लागू शकतो. रस्ता चुकून दोन-तीनदा आतबाहेर केलं तर दंडही तितकेच. ‘वार्को अत्तीवो’ असं दिव्यांत उजळलेलं दिसलं तर बंदी चालू आहे. त्या बाबतीत फोनवरच्या नकाशावर विसंबू नका, तो सरळ आत नेऊ शकतो.

हॉटेल आत असेल तर आधीच फोन करून विचारा. बऱ्याच ठिकाणी हॉटेलवाले पाहुण्यांच्या गाडीचा नंबर पालिकेला कळवतात. नंबर गाडी मिळाल्यावरच कळतो, तेव्हा पार्किंगमधूनच तो ईमेलने पाठवा आणि उत्तर जपून ठेवा. चुकून आत शिरलात तर त्याच दिवशी हॉटेलला सांगा.

फ्लोरेन्ससाठी माझं ठाम मत: गाडी बाहेर ठेवा. ए१ मोटरवेवर व्हिला कोस्तान्झा नावाचं पार्किंग आहे, तिथून टी१ ट्राम थेट सांता मारिया नोव्हेल्ला या शहरातल्या मुख्य स्टेशनला जाते. तिथे मोटरवेवरूनच शिरता येतं, एवढं लक्षात ठेवा.

टोल, पंप, पार्किंग

फास्टॅगच्या सवयीने आपण मोकळी लेन दिसली की तिकडे वळतो. इटलीत पिवळ्या ‘तेलेपास’ पाट्यांची लेन टॅगवाल्यांची. शिरताना तिकीट घ्या, बाहेर पडताना रोख किंवा कार्डाच्या लेनमध्ये जा. चुकून तेलेपासमध्ये शिरलात तर रिव्हर्स अजिबात घेऊ नका. ते जिवावर बेतू शकतं आणि दंडही जबर आहे. मदतीचं बटण दाबा. न भरलेल्या टोलची पावती निघाली तर ती नंतर १५ दिवसांत भरता येते. पिसाहून फ्लोरेन्सकडे जाणाऱ्या फी-पी-ली रस्त्याला टोल नाही, पण वेगाचे कॅमेरे आहेत.

पंपावर ‘गाझोलिओ’ म्हणजे डिझेल. टाकीच्या झाकणावरची खूण आणि पंपावरची खूण जुळवा: गोलात ई५ असेल तर पेट्रोल, चौकोनात बी७ असेल तर डिझेल. चुकीचं भरलंत तर इंजिन चालूच करू नका, कंपनीला फोन करा. भरून देणाऱ्या माणसाची रांग स्वतः भरण्यापेक्षा महाग असते.

पार्किंगच्या पांढऱ्या रेषा सहसा फुकट, निळ्या पैसे देऊन, पिवळ्या राखीव. कियान्तीत वाइन चाखणार असाल तर चालवणाऱ्याने घोट नकोच म्हणावं.

गाडी परत केल्यावर

काही महिन्यांनी कार्डावरून भाडेकंपनीने पैसे कापल्याचा मेसेज आला तर तो दंड भरला गेला असं समजू नका. ती बहुधा तुमचं नाव-पत्ता पोलिसांना कळवण्याची कंपनीची फी असते. खरा दंड नंतर पोस्टाने भारतात येतो, आणि परदेशातल्या माणसाला नोटीस पाठवायला त्यांना ३६० दिवसांची मुदत असते. नोटीस मिळाल्यापासून ५ दिवसांत भरलं तर बहुतेक दंडांवर ३० टक्के सूट मिळते. म्हणून भाड्याचा करार, हॉटेलचा ईमेल, टोलच्या पावत्या आणि ते व्हिडिओ वर्षभर तरी जपून ठेवा.