नर्सरीतलं रोप गच्चीवरच्या उन्हाला कसं सरावून घ्यावं

नर्सरीतून आणलेली जास्वंद मी एकदा थेट गच्चीवर ठेवली. तिसऱ्या दिवशी पानांवर पांढुरके चट्टे. एका पानावर मात्र वरच्या पानाची सावली पडत होती, तेवढाच तुकडा कापून चिकटवल्यासारखा हिरवा राहिला होता. पाणी कमी पडलं असेल म्हणून मी आणखी दोन तांबे ओतले. माती आधीच ओली होती.

हिरव्या जाळीखाली वाढलेलं पान पातळ असतं, मिळेल तेवढा उजेड गोळा करणारं. उघड्यावर आलं की पेलवेल त्याहून कितीतरी जास्त ऊर्जा त्याच्या हरितद्रव्यात शिरते. उन्हातलं मुरलेलं पान ही जादा ऊर्जा उष्णता करून सोडून देतं. कडक ऊन पडलं की व्हायोलाझँथिन या पिवळ्या रंगद्रव्याचं काही मिनिटांत झिआझँथिन बनतं, आणि ते या कामाला हातभार लावतं. तरीही हरितलवकातलं (पानाच्या पेशीत हरितद्रव्य असतं त्या कणातलं) डी१ नावाचं प्रथिन उन्हात मोडतच असतं. झाड ते काढून नवं बसवत राहतं. मोडतोड दुरुस्तीच्या पुढे गेली की पान फिकं पडायला लागतं. ही सगळी तयारी वाढवायला रोपाला दिवस लागतात. तेवढे द्यायचे.

पहिले तीन दिवस सकाळी नऊपर्यंतचं कोवळं ऊन, मग उजेडाची सावली. घरात नेऊ नका. पुढचे तीन-चार दिवस अकरापर्यंत. त्यानंतर दुपार 50 टक्के शेडनेटखाली, म्हणजे अर्धं ऊन अडवणाऱ्या जाळीखाली, काढू द्या, नसेल तर जुना पांढरा पंचा बांधा. दहाव्या दिवसाच्या सुमारास उघड्यावर. एप्रिल-मेमध्ये पंधरा दिवस धरा.

पाणी सकाळीच द्या. माती सुकली की पान रंध्रं मिटतं, कार्बन डायऑक्साइड आत येत नाही, आणि आलेला प्रकाश वापरला जात नाही.

कुंडीत आंबुशी, ते तीन-तीन पानांचं आंबट तण, उगवली असेल तर उपटू नका. भर उन्हात ती तिन्ही पानं खाली मिटून अंग चोरते. ती मिटली की नव्या रोपावर पंचा टाकायचा. आंब्याची कोवळी पानं तांबूस दिसतात तो रोग नव्हे. त्यातलं अँथोसायनिन कोवळ्या पानाला छत्रीसारखं सांभाळतं. औषध मारू नका.

पांढरे पडलेले चट्टे पुन्हा हिरवे होत नाहीत. तरी पान लगेच तोडू नका, उरलेला हिरवा भाग काम करतो. शेंड्याला जाडसर नवी पानं फुटली, की मग कात्री.