हार्डवेअर वॉलेट घेतलंय? मग या चुका टाळा

२५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि पुण्यात सिंहगड रोडच्या एकतानगरीत तळमजले बुडाले, ते आठवत असेलच. माझे मामा तिथेच राहतात. सकाळी फोन केला तर म्हणाले, "अरे काळजी करू नकोस, तुझी ती डबी मी खिशात घालून वर आलोय." डबी म्हणजे हार्डवेअर वॉलेट, बिटकॉइनसारख्या क्रिप्टोची किल्ली ठेवणारं छोटं यंत्र. म्हटलं मामा, आणि डबी गेली तर सगळं परत मिळवून देणाऱ्या शब्दांचा कागद? तर तो टेबलाच्या खालच्या खणात, म्हणजे पाण्यात.

जवळजवळ सगळ्या चुका इथूनच सुरू होतात. लोकांना वाटतं पैसे डबीत आहेत. तर डबीत काहीच पैसे नसतात हो, कॉइन ब्लॉकचेनवर, म्हणजे इंटरनेटवरच्या सामायिक हिशोबवहीत असतात, डबी फक्त तुमची खाजगी किल्ली (कॉइन खर्च करायचा गुप्त आकडा) सांभाळते आणि व्यवहारावर सही करते. डबी फुटली, हरवली, कुत्र्याने चावली तरी दुसरी आणून त्यात तेच १२ किंवा २४ शब्द घातले की सगळं परत. पण शब्द दुसऱ्याच्या हातात पडले तर त्याला तुमची डबी पण लागत नाही आणि पिन पण लागत नाही.

खरेदीपासून बघू. कंपनीच्या साईटवरून नाहीतर त्यांनी नाव दिलेल्या विक्रेत्याकडूनच घ्या, ओएलएक्सवर अर्ध्या किमतीत "फक्त एकदा वापरलेलं" अजिबात नको. आणि बॉक्समध्ये शब्द आधीच छापलेलं कार्ड निघालं तर तो सापळाच समजा, कारण शब्द नेहमी डबी स्वतः तयार करते आणि स्वतःच्या स्क्रीनवर दाखवते. सेटअपचं ॲप पण कंपनीच्या साईटचा पत्ता स्वतः टाईप करून घ्या, गुगलवर वर दिसणाऱ्या जाहिरातीवर क्लिक करून नाही.

आता शब्द लिहिणं. ही माझी स्वतःची चूक, सांगायला लाज वाटते पण सांगतो. बहुतेक वॉलेटमध्ये हे शब्द २०४८ इंग्रजी शब्दांच्या एका ठरलेल्या यादीतून येतात. माझ्याकडे 'साइन' होता, एस-आय-जी-एन, मी घाईत लिहिला एस-आय-एन-जी, 'सिंग'. गंमत म्हणजे दोन्ही शब्द त्या यादीत आहेत, त्यामुळे कागद बघून काही कळेना. महिन्याभराने सहज म्हणून डबी रिसेट करून परत शब्द घातले तर 'चुकीचा फ्रेज', आणि पोटात गोळा! शेवटच्या शब्दात एक तपासणी दडलेली असते, त्यामुळे अशी चूक बहुतेक वेळा पकडली जाते, पण कुठला शब्द चुकलाय ते डबी सांगत नाही. दोन रात्री एकेक शब्द बदलून बघत बसलो. म्हणून आधी पाच-सातशे रुपयांचे कॉइन टाका, डबी पुसा, कागदावरून परत उभी करा, बॅलन्स दिसला तरच मोठी रक्कम हलवा. ही पायरी लोक कंटाळा करून गाळतात.

आणि फोटो काढू नका. "फक्त मोबाईलमध्येच आहे" म्हणता, पण तो फोटो रात्री आपोआप क्लाउडवर चढलेला असतो. व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवणं, नोट्समध्ये टाईप करणं, झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढणं, सगळं त्याच माळेतलं.

दुसरी मोठी चूक म्हणजे डबीच्या स्क्रीनकडे न बघताच बटण दाबणं. लॅपटॉपमध्ये व्हायरस असला तर कॉपी केलेला वॉलेटचा पत्ता (कॉइन जिथे पाठवायचे तो अक्षर-आकड्यांचा लांब नंबर) पेस्ट करताना बदलू शकतो. शिवाय भामटे तुमच्या ओळखीच्या पत्त्यासारखीच पहिली-शेवटची अक्षरं असलेला पत्ता बनवून तिथून चिल्लर पाठवतात, म्हणजे पुढच्या वेळी तुम्ही हिस्टरीतून तोच कॉपी कराल. म्हणून पूर्ण पत्ता डबीच्या स्क्रीनवर वाचा, फक्त चार-चार अक्षरं नाही. आणि स्क्रीनवर काय सही करतोय ते कळत नसेल तर सरळ नाही म्हणा. जुलै २०२४ मध्येच वझीरएक्स या भारतीय क्रिप्टो एक्स्चेंजचे (कॉइन खरेदी-विक्रीच्या कंपनीचे) सुमारे २३ कोटी डॉलर गेले, आणि कंपनीच्याच म्हणण्यानुसार सह्या करणाऱ्यांकडे हार्डवेअर वॉलेट होती. समोर दिसत होतं एक आणि सही झाली भलत्यावर.

फोन आला "वॉलेट सपोर्टमधून बोलतोय" तर ठेवून द्या. लेजर या वॉलेट बनवणाऱ्या कंपनीच्या गिऱ्हाइकांचा डेटा २०२० मध्ये फुटला, त्यात सुमारे २ लाख ७२ हजार लोकांची नावं, पत्ते, फोन नंबर होते, नंतर काहींच्या घरी पोस्टाने चक्क बनावट डब्या आल्या. शब्द मागणारा कोणीही असो, तो चोर. फसलातच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन करा, आणि डबी हातात असेल तर त्याच्या आधी उरलेले कॉइन नव्या शब्दांच्या वॉलेटवर हलवा.

आता नेहमीच्या अडचणी पटापट. डबी कनेक्ट होत नाही? दहातल्या आठ वेळा केबल फक्त चार्जिंगची असते, तापकीर गल्लीतून डेटावाली आणा. पिन चुकला तर घाबरू नका पण अंदाजाने दाबत पण बसू नका, लेजरची डबी तीन चुकांनंतर स्वतःला पुसते, ट्रेझर या दुसऱ्या कंपनीची सोळा. शब्द घालून बॅलन्स शून्य? एकतर अकाउंटचा प्रकार वेगळा निवडलाय (बिटकॉइनमध्ये बीसी१ ने सुरू होणारे पत्ते वेगळे, ३ ने सुरू होणारे वेगळे), नाहीतर पासफ्रेज (शब्दांच्या जोडीला तुम्ही स्वतः ठरवलेला जादा पासवर्ड) चुकलाय. पासफ्रेजची गोम अशी की चुकीचा असं काही नसतंच, कुठलाही टाका, एक नवं रिकामं वॉलेट उघडतं, एक कॅपिटल अक्षर इकडचं तिकडे झालं तरी. ट्रॉन नावाच्या ब्लॉकचेनवर यूएसडीटी (डॉलरच्या भावाशी बांधलेलं कॉइन) आहे पण पाठवता येत नाही? फीसाठी थोडे टीआरएक्स, म्हणजे ट्रॉनचं स्वतःचं कॉइन लागतं. एक्स्चेंजवरून स्वतःच्या वॉलेटवर हलवणं म्हणजे विक्री नाही, पण पुढे विकाल तेव्हा नफ्यावर ३० टक्के टॅक्स आहेच, म्हणून खरेदीची तारीख आणि किंमत लिहून ठेवा.

मामांचं काय झालं? डबी चालू होती, पिन पाठ होता, नशीब. शब्द गेले पण डबी चालतेय अशा वेळी लगेच रिसेट करायची नाही, नाहीतर किल्ली पण गेली. आधी सगळे कॉइन तात्पुरते माझ्या डबीवर घेतले, मग त्यांची पुसली, नवे शब्द, आणि परत पाठवले.

मग कागद नको स्टीलच हवं ठरलं. मामा म्हणाले, "भांड्यांवर नावं घालणारा आहे ना, त्याच्याकडून घालून घेऊ." अहो मामा! शेवटी बोहरी आळीतून पत्रा आणि अक्षरांच्या पंचचा सेट आणला. प्रत्येक शब्दाची पहिली चार अक्षरं पुरतात, यादीच तशी बनवलीय, तरी २४ शब्दांचे ९६ च्या आसपास ठोके. मामा दुपारभर सोसायटीच्या गच्चीत ठोकत बसले. वरच्या मजल्यावरच्या काकू वैतागून बघायला आल्या, तर मामांनी पत्रा उलटा केला आणि म्हणाले, "पार्किंगसाठी पाटी करतोय."